महादजींच्या सेनापतीच्या गावात: शाँबेरीतल्या सोप्या पायवाटा

शाँबेरीच्या हत्तींना मागची बाजूच नाही. फ्रान्समधल्या या गावातल्या मोठ्या चौकात चार ओतीव लोखंडी हत्ती चार दिशांना तोंडं करून उभे आहेत. डोकं, सोंड, पुढचे दोन पाय, आणि त्यानंतर थेट खांब. सोंडांतून खालच्या हौदात पाणी पडतं. गावकरी त्यांना ‘चार बिनबुडाचे’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द याहून चावट आहे, तो आई-बाबांसमोर मी सांगितला नाही. खांबाला ताडाच्या खोडाचा आकार दिलाय आणि त्याच्या टोकावर जमिनीपासून सतरा मीटरवर एक गणवेशातले गृहस्थ उभे आहेत. ग्रेनोबलच्या साप्पे नावाच्या शिल्पकाराने १८३८ साली हे स्मारक उभारलं. वरचे गृहस्थ म्हणजे महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींचे सेनापती. इथे त्यांचं नाव बेन्वा द ब्वान्य, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत डी बॉईन.

मी लिऑंला राहते. तिथून शाँबेरी ट्रेनने साधारण दीड तास. पॅरिसहून आलात तर टीजीव्ही या वेगवान गाडीने तीन तासांच्या आसपास. मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे अटी स्पष्ट होत्या: मोठा चढ नको, निसरडे दगड नकोत आणि अधूनमधून बाक हवा. आल्प्सच्या पायथ्याशी अशा अटींवर काय फिरणार, असं वाटेल. पण शाँबेरी खोऱ्यात वसलंय. डोंगर चारही बाजूंना दिसतात, चढायची सक्ती नाही. बहुतेक प्रवासी इथे गाडी बदलून अ‍ॅनसीला निघून जातात. जाऊ देत. अ‍ॅनसी देखणं आहे, पण तिथे पुलावर फोटो काढायलाही नंबर लावावा लागतो.

बाबा वानवडीचे. शिंदे छत्रीपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर. महादजी १७९४ साली तिथेच वारले, हे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्यामुळे चौकात पोहोचल्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि कारंज्याभोवती पूर्ण फेरी मारली.

“पाटणची लढाई, मेडत्याची लढाई, दोन्ही १७९० मध्ये,” बाबा म्हणाले. “आणि १७९३ ला लाखेरी. तिथे समोर कोण होतं माहितीये?”

“होळकर,” आई म्हणाली. “तुम्ही काल ट्रेनमध्ये सांगितलंत.”

होळकरांकडेही तेव्हा एक फ्रेंच अधिकारी होता, द्यूद्रनेक. म्हणजे राजस्थानातल्या एका खिंडीत मराठ्यांच्या दोन फौजा युरोपीय कवायतीने एकमेकांवर तुटून पडल्या. कारंज्याच्या पाटीवर एवढं सगळं कुठून असणार!

डी बॉईनचा जन्म याच गावातला, १७५१ चा. बाप फरचा व्यापारी. पोरगा फ्रेंच सैन्यातल्या आयरिश पलटणीत गेला, तिथून रशियाच्या बाजूने तुर्कांशी लढायला. तुर्कांच्या कैदेत पडला, सुटला आणि १७७८ मध्ये मद्रासला उतरला. पुढे महादजींनी त्याला हेरलं. आधी दोन पलटणी उभ्या करून दाखव म्हणाले, मग अख्खे कंपू, म्हणजे मोठ्या फौजा, त्याच्या हाताखाली दिले. खर्चासाठी अलिगढच्या बाजूची जहागीर दिली. महादजी गेल्यावर दोनेक वर्षांत हा माणूस तब्येतीचं कारण सांगून प्रचंड संपत्तीसह युरोपात परतला. १८०२ पासून १८३० मध्ये मरेपर्यंत तो शाँबेरीतच होता. दवाखाने, वृद्धाश्रम, थिएटर, रस्ते, सगळ्याला त्याने पैसा दिला.

तो पैसा पायाखालीच आहे. कारंज्याकडून किल्ल्याच्या दिशेने सरळ जाणारा ‘र्‍यू द ब्वान्य’ त्याच्याच देणगीतून झाला. दोन्ही बाजूंना कमानींचे ओटे, थेट इटलीतल्या तुरिनच्या थाटाचे. याचं कारण साधं आहे: फ्रेंच क्रांतीनंतरची वीसेक वर्षं सोडली तर १८६० पर्यंत हा साव्हॉय मुलुख फ्रान्सचा नव्हताच. साव्हॉयच्या घराण्याची राजधानी १५६३ पर्यंत शाँबेरीत होती, नंतर ती तुरिनला हलली आणि हेच घराणं पुढे इटलीच्या गादीवर बसलं. पावसात या कमानींखालून छत्री न उघडता चालता येतं. बाबा इथे सारखे थांबत होते. एकदा एका खांबाला हात लावून म्हणाले, “हे आपल्याच चौथाईचे पैसे.” मग स्वतःच दुरुस्ती केली, “आपल्या नव्हे. तिकडच्या शेतकऱ्यांचे.” मला ही दुरुस्ती जास्त पटली. दोआबातला महसूल पलटणींसाठी गोळा व्हायचा आणि त्यातला केवढा तरी हिस्सा आल्प्सच्या पायथ्याशी येऊन दगड झाला.

रस्त्याला लागून असलेली जुनी वस्ती मात्र देणगीदारांची नाही. प्लास सेंलेजेच्या आसपास घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत, ‘आले’ म्हणतात त्यांना. दार खासगी वाटतं, पण ढकललं की आत अंधारा बोळ, मग छोटं अंगण, वर गोल जिना आणि पलीकडे दुसरा रस्ता. आई एकामागून एक बोळात शिरत होती. कॅथेड्रलही याच भागात आहे. आत छताकडे पाहिलं तर कोरीव दगडाची जाळी वाटते. जवळ जाऊन भिंत न्याहाळली तर सपाट गिलावा, सगळी जाळी रंगाने काढलेली. एकोणिसाव्या शतकातलं हे काम म्हणजे सावलीची करामत आहे: प्रत्येक रेषेच्या एका कडेला फिकट पिवळा, दुसऱ्या कडेला तपकिरी. खांबापासून वितभर अंतरावर उभं राहिलं तरच कुंचल्याचे फटकारे दिसतात.

किल्ला बाहेरून बघितला. आत सरकारी कचेऱ्या आहेत. तिथल्या चॅपलमध्ये येशूचं म्हणून प्रसिद्ध असलेलं ते कफन १५७८ पर्यंत होतं. १५३२ च्या आगीत ते होरपळलं आणि जोगिणींनी ठिगळं लावून सांधलं. आता ते तुरिनमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी लेस नदीच्या काठाने निघालो. शाँबेरीत चालायला सगळ्यात सोपी वाट हीच: सपाट, डांबरी, सायकलवाल्यांसोबत वाटून घेतलेली. फ्रेंच सायकलवाले मागून घंटी वाजवतात आणि वर ‘बोंझूर’ही म्हणतात. बाबा प्रत्येकाला उलट बोंझूर म्हणायला थांबत असल्यामुळे वेग आणखी कमी झाला.

“बाबा, जरा भराभर चला की.”

“अगं, लोक नमस्कार करतायत. उत्तर नको द्यायला?”

गावाच्या पूर्वेला ब्युसाँ-राँची बाग लागते. मधला वाडा डी बॉईनने परत आल्यावर विकत घेतलेला. आता बाग गावाची आहे. मेअखेर गुलाबांचे ताटवे भरात होते, पोरं फुटबॉल खेळत होती. वाड्याकडे पाहून मला डी बॉईनपेक्षा नूर बेगम जास्त आठवत होती. हिंदुस्थानातली त्याची बायको, त्याच्या दोन मुलांची आई. तो तिला इंग्लंडला घेऊन आला आणि मग १७९८ मध्ये सतरा वर्षांच्या एका फ्रेंच उमरावकन्येशी त्याने लग्न केलं. ते लग्न काही टिकलं नाही. नूर हेलन बेनेट या नावाने ससेक्समध्ये राहिली आणि १८५३ मध्ये तिथेच वारली. या वाड्याचा वारस मात्र तिचा मुलगा झाला, पुढच्या सगळ्या काउंटांची वंशवेल त्याच्यापासूनची. गावात हत्तींना जागा मिळाली. तिचा पुतळा मला कुठे दिसला नाही.

डी बॉईनची कबर लेमांकच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये आहे. स्टेशनच्या मागून वर जावं लागतं. चढ फार नाही, पण सलग आहे, म्हणून बाबांना निम्म्या वाटेवर बसवून पाणी पाजलं. वर गेल्यावर खालचं गाव, समोरचा ग्रानिए डोंगर आणि डावीकडे निव्होले डोंगरावरचा क्रूस दिसतो. चर्चच्या तळघराची जागा फार जुनी आहे, तिथल्या गारव्यात आई म्हणाली, इथेच थांबूया जेवणापर्यंत.

याच लेमांकला, विचारवंत रूसोला आसरा देणाऱ्या मादाम द व्हारां पुरलेल्या आहेत. त्यांचं गावाबाहेरचं घर, ले शार्मेत, ही तिसरी वाट. गावातून जेमतेम दोन किलोमीटर, गर्द झाडीतून ओढ्याकडेने चढत जाणारा रस्ता. इथे रूसो त्यांच्यासोबत १७३६ ते १७४२ या काळात राहिला. तो आला तेव्हा चोविशीत होता, नाव ना गाव. पुढे त्याने या घरातले दिवस सगळ्यात सुखाचे म्हणून लिहून ठेवले. घर छोटं आहे. खोल्यांतला भिंतीचा कागद सोलवटलाय, लाकडी फरशी चालताना बोलते. बघण्यासारखी आहे ती पुढची बाग: चौकोनी वाफे, अठराव्या शतकात इथे लावत तशा भाज्या, औषधी झाडं, कडेला वेल. रूसोचं राजकारण मला कधी नीट झेपलं नाही. पण तिथल्या बाकावर बसल्यावर माणूस इथून का हलला, असा प्रश्न पडला.

आता ग्रानिए. मला विचाराल तर शाँबेरीला एकाच गोष्टीसाठी यायचं झालं तर या डोंगरासाठी या, हत्तींसाठी नको. १९३३ मीटर उंचीच्या या डोंगराची उत्तरेकडची बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ उभी आहे. २४ नोव्हेंबर १२४८ च्या रात्री ती बाजू कोसळली. खालची गावं माणसांसकट गाडली गेली, मृतांचा आकडा हजारावर सांगतात. मियां गावच्या चॅपलपाशी दरड थांबली, तिथल्या काळ्या मेरीने ती अडवली, ही श्रद्धा आजही आहे आणि लोक नवस बोलायला येतात. वर चुनखडीचा कडा, त्याखाली भिजली की सरकणारी चिकण खडकाची पाठ, असं काहीसं हे प्रकरण आहे. २०१६ मध्येही त्याचे मोठे तुकडे पडले. माळीण आणि इर्शाळवाडी ऐकलेल्या माणसाला तो कडा बघताना पोटात खड्डा पडतो.

आणि त्या ढिगाऱ्यावर आज द्राक्षं आहेत. माती अशी नाहीच, डबर. दगड ओलांडत वेली लावल्यात, मधेच घराएवढे शिलाखंड तसेच ठेवून. त्यावर जाक्वेर नावाचं पांढरं द्राक्ष होतं. त्याच्या वाईनला आप्रमों आणि आबीम अशी नावं आहेत. ढिगाऱ्यातल्या खळग्यांत पाणी साठून तळी झाली. त्यातलं साँत-आंद्रे तळं गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. गाडी नसेल तर टॅक्सी करा, रविवारच्या बसच्या भरवशावर राहू नका. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, रमतगमत फिरायला अर्धा-पाऊण तास. एका बाजूला ग्रानिएचा कडा, दुसरीकडे बेलदोनच्या डोंगरांवर मेअखेरीचा बर्फ. तिथून द्राक्षमळ्यांतून पायवाटा फुटतात. झाडावर, खांबावर पिवळी पट्टी दिसली की वाट बरोबर, पिवळी फुली दिसली की मागे फिरा. लाल-पांढऱ्या पट्ट्या लांब पल्ल्याच्या वाटांच्या असतात, त्यांच्या नादी गुडघेवाल्यांनी लागू नये.

मळ्यात एक आजोबा वेलींचे नवे कोंब तारेत अडकवत होते. अंगठ्याने कोंब दाबायचा, मधली दोन बोटं तारेमागे, एक हलकी चिमट, पुढचा वेल. आई नाशिककडची, तिच्या माहेरी द्राक्षं आहेत. ती कुंपणापाशी उभी राहून बराच वेळ बघत होती. आजोबांनी मग एक कोंब तिच्या हातात दिला. भाषेचं कोणाचंच काही अडलं नाही. मिरीएवढे हिरवे मणी मोजून तिने निकाल दिला, “घड लहान धरतात हे.”

बूर्जेचं तळं राहिलं. १८ किलोमीटर लांब, फ्रान्समधल्या नैसर्गिक तळ्यांत मोठं, लेसचा सायकलमार्ग तिथपर्यंत जातो. आम्ही बसने जाऊन काठावर आइसक्रीम खाल्लं आणि परतलो. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

जेवणाचं सांगते. साव्हॉयमध्ये शाकाहारी माणसाची गाठ चीजशी असते. बटाटा-चीज, पाव-चीज, चीज-चीज. त्यातून सुटका म्हणजे क्रोझे: गव्हाच्या किंवा कुट्टूच्या पिठाचे इवलेसे चौकोन, शंकरपाळ्याची बाळं वाटावीत इतके. ते बोफोर चीजसोबत भट्टीत लालसर करून देतात. मागवताना ‘लार्दों नको’ हे नक्की सांगा, नाहीतर डुकराच्या मांसाचे तुकडे हमखास येतात. चॉकलेट ट्रफल १८९५ मध्ये शाँबेरीतच जन्मलं असा इथल्यांचा दावा आहे. बाबांनी मधुमेहाकडे दुर्लक्ष करून त्याची खातरजमा केली.

शनिवारच्या बाजारात आईने क्रोझेची पाकिटं घेतली. लिऑंला परत आल्यावर तिने ते उकडून तुपाजिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून परतले. वरून लिंबू. चीज न घालता. साव्हॉयकरांना कळवू नका.