इमारती वाचल्या, नाईटवाले गेले

१६ मार्च २०२० च्या संध्याकाळी ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी लोकांना सांगितलं की कोविड पसरतोय, पब, क्लब, थिएटर असल्या ठिकाणी जाणं टाळा. थिएटर बंद करायचा हुकूम त्या दिवशी निघालाच नाही, तो चार दिवसांनी निघाला. पण प्रेक्षकालाच येऊ नको म्हटल्यावर पडदा उघडायचा कुणासाठी, म्हणून लंडनच्या वेस्ट एंडमधल्या थिएटरवाल्यांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनेनं त्याच रात्रीपासून सगळे प्रयोग थांबवले. यातली मेख विम्यात होती. सरकारनं कायद्यानं बंद केलं तर निदान दावा करायला काहीतरी आधार असतो, नुसत्या सल्ल्यावर विमा कंपनी पैसे का देईल, ही धास्ती तिथल्या लोकांनी लगेच बोलून दाखवली होती. १९५२ पासून चालत आलेलं 'द माऊसट्रॅप' हे नाटक पण त्या रात्री थांबलं, ते पुन्हा उभं राहिलं थेट १७ मे २०२१ ला.

आता सोलापुरात बसून मला लंडनच्या थिएटरचं एवढं काय पडलंय असं कुणाला वाटेल. मी हौशी नाटकांना लाईट करतो, पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, पण राज्य नाट्य स्पर्धेची तारीख लागली की माझा मुक्काम हुतात्मा स्मृती मंदिरात. लॉकडाऊनमध्ये तेही बंद, तालमी बंद, आणि अशात कुणीतरी ग्रुपवर टाकलं की लंडनचं नॅशनल थिएटर दर गुरुवारी एक नाटक युट्यूबवर फुकट दाखवतंय. २ एप्रिलला 'वन मॅन, टू गव्हनर्स'नं सुरुवात झाली. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. घरातले झोपले की मी हेडफोन लावून बसायचो, नेट मध्येच अडकायचं, इंग्रजी सगळं कळायचंच असं नाही, सबटायटल वाचत वाचत बघायचो. पण 'फ्रँकेन्स्टाईन' बघताना भाषेची अडचण आलीच नाही. बेनेडिक्ट कम्बरबॅच आणि जॉनी ली मिलर, एका रात्री हा राक्षस तो शास्त्रज्ञ, दुसऱ्या रात्री उलट, आणि त्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग दाखवली. त्यात स्टेजच्या डोक्यावर हजारो बल्बांचं छत लटकवलंय आणि सुरुवातीला ते एकदम पेटतं. मी ते पेटणं कितीतरी वेळा मागं नेऊन बघितलं. एवढे बल्ब कुणी टांगले असतील, वायरिंग कुणी ओढलं असेल, प्रयोगाआधी एक-एक कोण तपासत असेल, याच्यापुढं मला दुसरं काही सुचेना. तिथूनच मी या सगळ्याच्या बातम्या शोधून वाचायला लागलो.

आणि वाचत गेल्यावर कळलं की ब्रिटनमध्ये पण थिएटरची माणसं बहुतेक करून नाईटवरच आहेत, म्हणजे पगार नाही, काम असेल तेवढेच पैसे. शब्द वेगळा, ते फ्रीलान्सर म्हणतात, पण व्यवहार तोच. नट, दिग्दर्शक, लाईट डिझायनर, नेपथ्यकार, स्टेज मॅनेजर, ड्रेसवाले, साधारण ७० टक्के लोक कुठल्याच कंपनीच्या पगारावर नाहीत. एक नाटक संपलं की दुसरं शोधायचं. सरकारनं फर्लो नावाची योजना काढली होती, त्यात पगारदार माणसाला घरी बसून ८० टक्के पगार, महिन्याला जास्तीत जास्त अडीच हजार पौंड. चांगली योजना होती, नाही म्हणत नाही. स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी पण वेगळी योजना काढली. पण तिची अट काय, तर निदान निम्मी कमाई स्वतंत्र कामाची पाहिजे आणि आधीच्या वर्षांचं टॅक्स रिटर्न भरलेलं पाहिजे. आता नाटकवाला काय करतो, सहा महिने नाटक करतो आणि सहा महिने हॉटेलात वेटर नाहीतर शाळेत शिकवायला. त्याची कमाई थोडी इकडची थोडी तिकडची. कुणी नुकतंच ड्रामा स्कूलमधून बाहेर पडलेलं, त्याचं रिटर्नच नाही. कुणाला एका-एका नाटकापुरतं पगारावर घेतलेलं, ते नाटक बंद पडलं की हातात ना फर्लो ना दुसरं काही. असे ढीगभर लोक दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत पडले.

जुलै २०२० मध्ये सरकारनं १.५७ अब्ज पौंडांचा कल्चर रिकव्हरी फंड जाहीर केला. आकडा मोठाच आहे, त्यात म्युझियम, संगीताची ठिकाणं, छोटी सिनेमागृहं सगळीच होती, आणि त्या पैशानं खूप थिएटरं वाचली हे खरं. साऊथॅम्प्टनचं नफील्ड तेवढ्यात कायमचं बंद पडलं होतं, शेक्सपिअर्स ग्लोबनं मे महिन्यातच संसदेच्या समितीला कळवलं होतं की मदत नाही आली तर आपण टिकणार नाही. ग्लोबसारख्या संस्था तगल्या. पण तो पैसा मुख्यतः संस्थांना आणि इमारतींना होता, त्यातून घरी बसलेल्या लाईटवाल्याच्या खात्यात थेट काही पडलं नाही. त्याच्यासाठी कोण धावलं, तर त्याच धंद्यातले लोक. सॅम मेंडिस या दिग्दर्शकानं नेटफ्लिक्सकडून पाच लाख पौंड मिळवून निधी सुरू केला, फीबी वॉलर-ब्रिज आणि ऑलिव्हिया कोलमन या अभिनेत्रींनी मिळून दुसरा काढला, फ्रीलान्सरांनी स्वतःची चळवळ उभी केली. आणि याच दरम्यान, ऑक्टोबरमध्ये, एका सरकारी मोहिमेची जाहिरात फिरायला लागली. फोटोत बॅले डान्सर बुटाची नाडी बांधतेय आणि वर लिहिलंय की फातिमाची पुढची नोकरी सायबर क्षेत्रात असू शकते, तिला अजून ते माहीत नाही. लोक एवढे खवळले की सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यांनीच ती जाहिरात असभ्य आहे म्हटलं आणि ती काढून टाकावी लागली. ती जाहिरात मी बघितली तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. दहा-दहा वर्षं घासून कमावलेलं अंग आणि कसब असं एका ओळीत पुसून टाकायचं?

सोलापूरकरांना हे समजवायला मला लांब जावं लागत नाही. माग वाचवला आणि विणकर गेला तर चादर कोण विणणार. यंत्रमाग बंद पडून गंजताना आपण बघितलेत, पण माग पुन्हा चालू करता येतो, सवयीचा हात गावातून गेला की गेला.

आमच्याकडं साऊंड बघणारे एक दादा होते, नाव नाही लिहीत. कुठल्याही संस्थेचं नाटक असो, म्युझिक ऑपरेट करायला तेच, नटाच्या श्वासावर क्यू द्यायचे. २०२० मध्ये त्यांचं लग्नाचं साऊंडचं काम पण गेलं आणि नाटकाचं पण, मग ते पुण्याला गोडाऊनमध्ये लागले. मधे मी फोन केला, म्हटलं दादा, स्पर्धा लागलीय, येताय का. तर म्हणाले, "आता कुठलं बे नाटक, इथं शिफ्ट सोडली तर पगार कापतेत." मी पुढं काय बोलणार. लंडनमधल्या स्टेज मॅनेजरांनी डिलिव्हरी आणि सुपरमार्केटची कामं धरल्याच्या बातम्या वाचताना मला दर वेळी दादाच आठवायचे.

मधल्या काळात तिकडच्यांनी काय काय करून बघितलं ते पण सांगायला पाहिजे, कारण त्यांनी हातपाय हलवायचं सोडलं नव्हतं. अँड्र्यू लॉईड वेबर या संगीतकार आणि थिएटरमालकानं जुलै २०२० मध्ये लंडन पॅलेडियममध्ये चाचणी प्रयोग केला, साधारण २,३०० सीटच्या थिएटरात ६४० माणसं बसवली, अंतर ठेवून. तोच म्हणाला की असं अर्धं रिकामं थिएटर चालवून भागणार नाही, आणि ते बरोबरच होतं, मोठ्या म्युझिकलचा रोजचा खर्च निम्म्या तिकिटांत निघतच नाही. ब्रिज थिएटरनं ९०० पैकी फक्त २५० सीट ठेवल्या आणि एका माणसाची नाटकं लावली, राल्फ फाइन्स हा नट एकटा उभा राहून कोविडवरच बोलायचा. ओल्ड विकनं रिकाम्या थिएटरातून क्लेअर फॉय आणि मॅट स्मिथचं नाटक थेट ऑनलाईन दाखवलं, दोघं नवरा-बायकोसारख्या भूमिकेत आणि स्टेजवर एकमेकांपासून लांब.

सगळ्यात मोठा फटका पँटोचा. पँटो म्हणजे ख्रिसमसच्या वेळचं मुलाबाळांचं नाटक, गाणी, धिंगाणा, प्रेक्षकांनी ओरडून उत्तरं द्यायची. लहान गावांतल्या थिएटरांची वर्षभराची चूल या एका नाटकावर चालते, त्या पैशावर मग ती बाकी वर्षभर नवीन लेखकांची, कमी चालणारी नाटकं करू शकतात. २०२० च्या ख्रिसमसला बहुतेक पँटो रद्द झाले. नॅशनल थिएटरनं खास 'डिक व्हिटिंग्टन' उभं केलं, तर १६ डिसेंबरपासून लंडनवर कडक निर्बंध आले आणि ते पण बंद, शेवटी रेकॉर्ड करून युट्यूबवर दाखवलं. पुढच्या वर्षी सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत डिसेंबरमध्ये ओमिक्रॉन आला. त्या वेळी मात्र एक चांगलं झालं. नट आजारी पडायला लागल्यावर अंडरस्टडी आणि स्विंग म्हणजे चार-चार पाच-पाच भूमिका पाठ करून विंगेत बसलेले लोक, त्यांनी प्रयोग वाचवले, सकाळी फोन आणि रात्री स्टेजवर. तोपर्यंत कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरात छापलेली ही नावं लोक उभं राहून टाळ्या वाजवत घ्यायला लागले. बॅकस्टेजला उभा राहणारा माणूस म्हणून मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

पण सगळं परत पहिल्यासारखं झालं का, तर नाही. 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे म्युझिकल १९८६ पासून चालू होतं, ते जुलै २०२१ मध्ये परत आलं तेव्हा ऑर्केस्ट्रा २७ वादकांवरून १४ वर आणला होता. नाटक तेच, थिएटर तेच, तेरा माणसांचं काम गेलं. प्रेक्षक तर वेस्ट एंडमध्ये परत आलेत, २०२३ मध्ये १ कोटी ७० लाखांच्या वर गेले, कोविडच्या आधीपेक्षा जास्त. सरकारनं थिएटरची करसवलत पण वाढवली. मात्र जरा लंडनच्या बाहेर बघा. वीज, लाकूड, प्रवास सगळं महागलं, कोविडात शिल्लक संपलेली, नगरपालिकांकडं पैसा नाही. मँचेस्टरजवळचं ओल्डहॅम कोलिझिअम, शंभर वर्षांहून जुनं, कोविडातून कसंबसं बाहेर आलं आणि आर्ट्स कौन्सिल या कलांना सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेची नियमित मदत थांबल्यावर ३१ मार्च २०२३ ला बंद झालं. नंतर ते पुन्हा सुरू करायचं ठरलं, लोकांनी त्यासाठी जोर लावला होता. पण माझं म्हणणं असं की मधल्या काळात तिथं शिकून तयार होणारी पोरं कुठं गेली असतील? लंडनच्या मोठ्या थिएटरात लागणारे लोक अशाच गावांतल्या थिएटरात हात मारून तयार होतात. आपल्याकडं पण मुंबईला गेलेले कितीतरी नट, तंत्रज्ञ सोलापूरसारख्या केंद्रावर स्पर्धा करूनच घडलेत.

ऑनलाईनचं मात्र मला मनापासून पटलंय. नॅशनल थिएटरनं डिसेंबर २०२० मध्ये स्वतःचं पैसे भरून बघायचं प्लॅटफॉर्म काढलं आणि ते आजही चालू आहे. ज्यांना जिने चढता येत नाहीत, ज्यांच्या गावात थिएटर नाही, जे सातासमुद्रापार आहेत, त्यांना पहिल्यांदा ती नाटकं दिसली. प्रयोगाची मजा प्रयोगातच, हे मी पण म्हणतो, पण मला तिथली प्रकाशयोजना एरवी या जन्मात बघायला मिळाली नसती.

आपल्याकडं काय झालं ते तर तुम्हाला माहितीच आहे. सांगलीला व्हायचं शंभरावं नाट्यसंमेलन पुढं ढकललं गेलं, नाट्यगृहं ५ नोव्हेंबर २०२० ला, नेमकी रंगभूमी दिनाला, निम्म्या क्षमतेनं उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. पडद्यामागच्या लोकांना नाट्यपरिषदेनं आणि कलाकारांनी मदत केली, किराणा दिला, पैसे दिले, त्याची जाणीव आहे. पण काम सोडून गेलेल्यांची नोंद आपण कुठंच केलेली नाही. ब्रिटनमध्ये निदान फ्रीलान्सरांनी एकत्र येऊन सर्व्हे केले, आपण किती आहोत आणि कुणाला काहीच मिळालं नाही हे सरकारपुढं कागदावर मांडलं. म्हणून मी आणि आमच्या संस्थेतले दोघं-तिघं सोलापुरातल्या लाईट, साऊंड, मेकअप, नेपथ्य, कपडेपट बघणाऱ्या लोकांची यादी करतोय, २०२० च्या आधी कोण काय करायचं आणि आता कुठं आहे, परत यायचं असेल तर किती नाईट मिळाली तर परवडेल. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर मला कळवा. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडचे असतील तरी चालतील.