शिकारीच्या बाणाची पिसं आपल्या बाणाला कशाला?

आमच्या परभणीच्या तिरंदाजीच्या मैदानावर येणाऱ्या लेकरांच्या बाणांना अलीकडे चार-चार इंची, भडक नारिंगी पिसं दिसायला लागलीत. मोबाइलवर अमेरिकेतला कुणी शिकारी हरणावर नेम धरताना दिसतो, त्याचा बाण लेकराच्या मनात भरतो आणि आठवड्याभरात पार्सल घरी येतं. पैसे बापाचे असतात, आणि ते सोयाबीन विकून आलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ती पिसं वाईट नाहीत. ज्या कामासाठी केलीत, त्या कामाला चोख आहेत. तिकडे परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करता येते. त्या बाणाच्या टोकाला ब्रॉडहेड असतं, म्हणजे दोन-तीन धारदार पाती, वजन बहुधा 100 किंवा 125 ग्रेन (ग्रेन म्हणजे बाणाचं वजन मोजायचं छोटं माप). ही पाती म्हणजे बाणाला पुढून लागलेले पंखच. बाण किंचित वाकडा सुटला की हवा त्या पात्यांवर दाबते आणि बाणाचं तोंड भलतीकडे वळवते. मागच्या पिसांना त्या पुढच्या पंखांवर मात करावी लागते. म्हणून शिकारी तीन-चार इंची पिसं घेतात, नाहीतर दोन इंचीच पण उंच आणि ताठ. जिगमध्ये (पिसं चिकटवायच्या साच्यात) ती तिरकी किंवा हेलिकल, म्हणजे पिळदार, बसवतात, म्हणजे बाण सुटल्या सुटल्या गिरकी घ्यायला लागतो. कुणी तीनऐवजी चार लावतं. पाती मिटलेली राहून लागल्यावरच उघडणारं ब्रॉडहेड असेल तर पिसं थोडी लहानही चालतात, कारण उडताना पुढे हवेला धरायला फारसं काही नसतं. मोठ्या पिसांनी वेग कमी होतो खरा, पण अंतर बहुतेक वेळा 20-30 यार्डांचं असतं, तेवढ्यात तो तोटा जाणवत नाही.

आणि तिथलाही जाणकार माणूस पिसांच्या आधी धनुष्य ट्यून करतो, म्हणजे नीट जुळवून घेतो. साध्या टोकाचे बाण आणि ब्रॉडहेडचे बाण एकाच जागी लागायला लागले, की मगच तो समाधानी होतो. धनुष्य बिघडलेलं असताना मोठी पिसं लावणं म्हणजे दुखणं झाकणं, हे माझं पक्कं मत आहे.

आता आपलं बघा. आपल्या बाणाला पुढे पाती नाहीतच. गुळगुळीत, निमुळतं टोक आहे. मग मागे एवढी ताकद कुणाशी झुंजायला? रिकर्व्हचं, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचं, अंतर 70 मीटर. लेकरांच्या हलक्या धनुष्यातून बाणाला तिथवर जायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ ते चार इंची पीस हवेला अडत राहतं. बाण खाली पडायला लागतो, मग साइट (नेम धरायची खूण) खाली, आणखी खाली, आणि शेवटी तिची पट्टीच संपते. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मैदानावर आडवा वारा सुटतो. मोठं पीस त्या वाऱ्याला आयतंच सापडतं. वजनाचंही तेच. दोन इंची ब्लेझर (प्लास्टिकचं ताठ पीस) एक साधारण 6 ग्रेनचं, तीन लावले की 18 ग्रेन शेपटीला. बाणाचा तोल तेवढा मागे सरकतो, आणि तोल जितका पुढे तितकी पिसांची पकड चांगली.

रिकर्व्हला म्हणूनच स्पिन विंग नावाची पिसं. पातळ, वळवलेल्या प्लास्टिकची, वजन अगदी नगण्य. डावी-उजवी वेगळी येतात, एका बाणावर मिसळायची नाहीत. शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, स्पिरिटने पुसा, पुसल्यावर तिथे बोट लावू नका. दुहेरी टेपवर पीस ठेवा, नखाने बुडाशी दाबत न्या, आणि दोन्ही टोकांना बारीक टेपचा एक-एक वेढा घट्ट द्या. पुढचा वेढा सुटला की पीस तिथूनच सोलतं. कंपाऊंडला (चाकांच्या धनुष्याला) 50 मीटरवर मात्र लहान, ताठ व्हेन, म्हणजे प्लास्टिकची पिसं, चांगल्या. तिथे धनुष्यात जोर असतो.

मोठ्या पिसांचा आणखी एक घोळ म्हणजे ती रेस्टला (धनुष्यावर बाण टेकवायच्या आधाराला) घासतात. तपासायला काही विकत आणायला नको. खडूची पूड पिसांच्या कडांना हलकेच चोळायची, जवळून एक बाण मारायचा, मग प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची पिन) आणि रेस्ट बघायचं. पांढरी रेघ उमटली असेल तर नॉक (बाणाच्या शेपटीची खाच) थोडा फिरवून परत मारा. तरीही रेघ येत असेल तर ते पीस त्या धनुष्याचं नाही. घासलेला बाण दरवेळी वेगळा जातो आणि लेकरू स्वतःच्या हाताला दोष देत बसतं. हे बघून मला फार वाईट वाटतं.

काही पालक हळूच विचारतात, "सर, रानडुकरं वावर उकरून टाकतात, ब्रॉडहेड लावून पोराला जमेल का?" नाही. शिकारीला बंदी घालणारा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, आणि आपल्या तुरीत शिरणारं काळवीट तर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नुकसानीचा अर्ज वन विभागाकडे करा, पंचनामा करून घ्या, मी अर्ज लिहून देतो. ब्रॉडहेड मात्र मैदानाच्या फाटकाच्या आत येणार नाही. बाण काढायला गेलेल्या लेकराचं बोट त्याने सहज कापेल.

ज्यांनी ती मोठी पिसं आणून ठेवलीत त्यांनी ती टाकून देऊ नका. हिवाळ्यात 18 मीटरच्या इनडोअरला वारा नसतो, अंतर कमी असतं, तिथे जाड शाफ्टवर ती कामाला येतात, आणि बाण लवकर सरळ होतो हा फायदाच. तोवर डबा घरात सावलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवलेली प्लास्टिकची पिसं वाकतात, आणि टेपचा गोंद असा पातळ होतो की बोट लावलं की पीस सरकतं.