गणपतीत आमचं दार बंद का होतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. २०२३ च्या चतुर्थीला आमच्या घराचं दार पाचही दिवस बंद का होतं, हा प्रश्न वाडीतली माणसं आणि मुंबईहून येणारे चाकरमानी मला अजूनही दरवर्षी विचारतात. आतेने तर तेव्हाच भर पावसात अंगणात उभं राहून विचारलं होतं, "गणपतीत कोण दार लावता गो?" मी "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणाले होते. ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाचा कॅन्सर, मे महिन्यात झालेली मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया, कीमोसाठी दर चौदा दिवसांनी कणकवलीहून रात्रीची गाडी पकडून केलेल्या मुंबईच्या खेपा, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे केस फारसे गळले नाहीत, म्हणून औषध हलकंच असणार, असं तुमच्यापैकी अनेकांनी मला ऐकवलं. पण त्या औषधाचा मारा केसांवर कमी आणि नसांवर जास्त असतो. सलाईननंतर आणखी ४६ तास चालणारा औषधाचा पंप काढल्यावरही पाच-सहा दिवस त्याला थंड पाण्याचा घोट घेता येत नसे, कारण घसा आवळून श्वास अडकल्यासारखा होई. फ्रिजच्या दाराला हात लागला तरी बोटांत सुया टोचत. पुढे तर बोटांची टोकं सततच बधिर राहू लागली. वाडीच्या भजनात पंधरा वर्षं पखवाज वाजवणाऱ्या माणसाला आपली थाप कातड्यावर पडली की नाही हे कानाने ऐकून ठरवावं लागे. तोंड इतकं सोललेलं असे की सोलकढीच्या वाटीकडे तो नुसता पाहत राही, आणि मी त्याच्यासमोर कोमट पेज ठेवत असे.

हे सगळं मी निभावलं. जे निभावता आलं नाही ते ३० ऑगस्टच्या रात्रीचं आहे.

त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती आणि पाचव्या कीमोचा दहावा दिवस. चुलत बहिणी राखी बांधायला आल्या होत्या, त्यांतली एक सर्दीने शिंकत होती, आणि मला तिला दारातून परत पाठवायचं धाडस झालं नाही. रात्री साडेदहाला तो म्हणाला, "अक्का, माका थंडी वाजता." थर्मामीटरने १००.८ दाखवलं. आमच्या फ्रिजवर रुग्णालयाने दिलेला कागद चिकटवलेला होता आणि त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की १००.४ च्या वर ताप गेला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावं, मनाने गोळी देऊ नये. तो कागद मला पाठ होता. तरीही पाऊस मुसळधार होता, कणकवली तास-दीड तासावर, आणि तो स्वतःच "सकाळी बघूया" म्हणत होता, म्हणून मी पॅरासिटामॉल दिली. एकच्या सुमारास पारा ९९ वर आला तेव्हा मी देवापुढे हात जोडले आणि त्याच्या पायांशी बसल्या बसल्या झोपले. ताप उतरला नव्हता, गोळीने तो झाकला होता. पाचला जाग आली तेव्हा तो असंबद्ध बोलत होता आणि त्याचे हात गार पडले होते.

गाडीत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत कुठे रस्ता खराब होता, कुठे पाणी आलं होतं, यातलं काहीही मला आठवत नाही. रक्त तपासलं तेव्हा जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल्स, निदान १५०० असायला हव्यात, तिथे २०० होत्या. अशा तापात अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं. आम्ही जवळजवळ आठ तास घालवले होते. सहा दिवसांनी तो घरी आला.

१२ सप्टेंबरला सहावी कीमो झाली आणि १९ तारखेला चतुर्थी. सातव्या दिवसापासून पेशी उतरू लागतात, हे तोवर मी शिकले होते. म्हणून दार लावलं.

माझी बाजू इथेच संपती तर बरं झालं असतं. पण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की अशा रुग्णाला होणारा जंतुसंसर्ग पुष्कळदा बाहेरून येतच नाही. सोललेल्या तोंडातले आणि आतड्यातले त्याचे स्वतःचेच जंतू रक्तात शिरतात. राखीला आलेल्या बहिणीचा काही दोष नसेलही. पेशी कमी असताना गर्दी टाळावी हेही त्यांनीच सांगितलं होतं, आणि मी त्यातलं सोयीचं तेवढं घट्ट धरलं. तेव्हाच्या मला मी आज विचारते की पाच दिवस दार लावलंस ते त्याच्यासाठी, की त्या रात्रीची चूक इतरांच्या पायांना चिकटवण्यासाठी? ती म्हणते, पुन्हा ताप आला असता तर? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिसऱ्या रात्री शेजारच्या घरी भजन होतं. तो खिडकीपाशी शाल गुंडाळून बसला होता, बधिर बोटं मांडीवर आपटत ताल धरत होता. गजर सुरू झाला तेव्हा म्हणाला, "अक्का, दार उघड गो. नुसता ऐकतंय." मास्क होता, अंगण मोकळं होतं, पाऊसही थांबला होता. मी उघडलं नाही. तो पुन्हा म्हणाला नाही.

आता त्याच्या पेशी व्यवस्थित आहेत, तपासण्या वेळेवर होतात, बोटांत पुष्कळशी जाणीव परतली आहे, पण पखवाज त्याने भाच्याला दिला. माझ्यासमोर कुणी त्या चतुर्थीचा विषय काढला की तो लगेच "अक्कान केल्यान ता बरोबरच" म्हणतो. यंदा विचारायचंच असेल तर त्यालाच विचारा, पण मी घरात नसताना.