बाटली हलत नाही

‘पोरा, मी हाललोच न्हाई,’ आजोबा तिसऱ्यांदा म्हणाले. मी मान डोलावली आणि फॉर्मवर ‘रुग्ण हलला’ लिहून टाकलं.

दोन दिवस हेच चाललं होतं. कमरेच्या एमआरआयवर नेमकी एल-४, एल-५ ह्या मणक्यांमधल्या चकतीवरून ठिपक्याठिपक्यांची पांढरी आडवी रेघ. सगळ्यांच्या नाही, घाबरणाऱ्यांच्याच. इंजिनियर आला, फॅन्टम म्हणजे पाण्याची बाटली ठेवून बघितलं, चित्र स्वच्छ. ‘मशीन ओके. पेशंटला नीट समजावा,’ सांगून गेला. ह्या लोकांचं मशीन कायम ओकेच असतं.

१.५ टेस्लाच्या चुंबकात शरीरातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.३९ कोटी वेळा भोवऱ्यासारखे डुलतात. ग्रेडियंट, म्हणजे जागेगणिक थोडं थोडं वाढत जाणारं जादाचं चुंबकीय क्षेत्र, लावला की हा वेग जागेगणिक बदलतो. मीटरला १० मिलिटेस्लाचा ग्रेडियंट असेल, तर दर सेंटिमीटरला ४.२६ किलोहर्ट्झचा फरक. मशीनला जागा दिसत नाही, फक्त फ्रिक्वेन्सी ऐकू येते. त्यावरून ते जागा ठरवतं. म्हणून बाहेरचा एखादा सूर घुसला की तोही पेशंटच्या अंगात कुठेतरी जाऊन बसतो आणि फेजच्या, म्हणजे चित्रातल्या फ्रिक्वेन्सीला काटकोनातल्या दुसऱ्या दिशेने रेघ ओढतो. पेशंट हलला तर असं होत नाही, कडांच्या फिकट सावल्या उमटतात. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलेलं आहे.

तिसऱ्या संध्याकाळी फेज आणि फ्रिक्वेन्सीच्या दिशा बदलल्या. रेघ उभी झाली. मग बाटली ठेवली, आणि खोलीतला दिवा चुकून चालूच राहिला. बाटलीवर रेघ! दिवा घालवला, रेघ गायब.

आधीचा डीसी, म्हणजे एकदिश विजेवरचा, दिवा गेला म्हणून मेंटेनन्सवाल्याने बाजारातला साधा एलईडी बसवला होता. त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटची कुरकुर मशीनच्याच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात. बाहेरच्या लहरी अडवायला भिंतींत तांब्याचा पिंजरा, आणि चोर आतच! एरवी आम्ही तो दिवा बंदच ठेवतो, भिणाऱ्यांसाठी तेवढा लावतो. इंजिनियरनेही अंधारातच तपासलं होतं.

आजोबांना पुन्हा बोलावलं. दिवा नाही म्हटल्यावर ते बिचकले. मग त्यांच्या मुलाच्या अंगावरचं धातूचं सगळं काढून घेतलं आणि त्याला हात धरून आत उभा केला. चित्र लख्ख आलं. बाकीच्या चौघांना फोन केले, दोघं आले.

पाचही जणांच्या नावापुढचं ‘रुग्ण हलला’ मात्र सिस्टिममध्ये लॉक झालंय. ते आता खोडता येत नाही.