कौलारू घरात बिडाची शेगडी: नोंद तिसरी, धुरांडं

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर आणि अंथरुणाला ओल. म्हणून माजघरात बिडाची बंद शेगडी. ती मागच्या खेपेला जागेवर बसली होती, आता तिचं धुरांडं.

पहिल्याच जाळाला सांध्यांतून डांबरासारखा काळा ओघळ नळीवरून खाली आला. फॅब्रिकेटरनं सगळ्या नळ्यांची निमुळती तोंडं वर ठेवली होती, 'नाहीतर धूर गळेल' म्हणून. खरं तर गरम धूर वर चढताना सांध्यातून हवा आतच ओढून घेतो, बाहेर सोडत नाही. निमुळतं तोंड खालच्या नळीत बसलं की ओघळ आतल्या आत शेगडीत उतरतो आणि जळून जातो. सगळं सोडवून उलटं जोडलं, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. शेगडीजवळचा पहिला तुकडा जस्ताच्या मुलाम्याचा निघाला, तोही बदलला. तापल्यावर जस्ताची वाफ घरात नको.

खरी धास्ती छपराची. एकेरी नळी लाकडापासून १८ इंच तरी लांब हवी, आणि आमचे वासे जुने, वाळून खडखडीत. म्हणून छपरातला भाग दुहेरी केला: आत ६ इंची स्टेनलेस, बाहेर १० इंची, मधे सिरॅमिक वूल, म्हणजे उष्णता अडवणारा कापसासारखा थर. शिवाय एक रीप कापून लोखंडी अँगलची चौकट बसवली आणि वाशापासून वीतभर जागा मोकळी सोडली. त्यात काहीही कोंबायचं नाही. वरचं तोंड कौलांपासून ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर. आमच्याकडे आढं तेवढ्या अंतरात येतं, म्हणून मोजमाप आढ्यापासून धरलं.

आई त्याच खोलीत झोपते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, म्हणून तिच्या उशाशी अलार्म लावलाय. थंडीच्या नावानं सगळ्या फटी बुजवायच्या नाहीत हेही घरात सांगून ठेवलंय. हवा कमी पडली की धूर उलटतो. दमट सकाळी नळी थंडगार असते, तेव्हा आधी वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून ती तापवतो, मग लाकूड घालतो.

लाकूड गेल्या उन्हाळ्यात फोडलेली नीलगिरी. ओल मोजायच्या मीटरवर १८ टक्के, २०च्या आत आहे. महिन्यानं नळी उघडून काजळी किती धरली ते बघणार.