चारशे मिलिमीटरचं भोक

पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर मी त्या डिटेन्शन बेसिनच्या, म्हणजे पावसाचं पाणी काही तास अडवून हळूहळू ओढ्यात सोडणाऱ्या खोलगट जागेच्या, काठावर उभी होते. वसाहतीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी चढलं होतं, तीन घरांत शिरलं होतं, आणि सगळी बोटं माझ्या डिझाइनकडे होती.

मी आधी उतारावरची रेघ शोधली. पाणी चढून उतरलं की काड्या, वाळकी पानं, थर्माकोलचे मणी यांची एक बारीक ओळ गवतात अडकून राहते. बेसिन किती भरलं होतं ते तीच सांगते. मोजपट्टीवर ती रेघ ०.८ मीटरला लागली. डिझाइनची पातळी १.७ मीटर. म्हणजे खाली घरांत पाणी शिरत होतं तेव्हा इथली निम्म्याहून जास्त जागा रिकामी होती.

मग आउटलेटच्या चेंबरचं झाकण उघडून टॉर्च मारला. ९०० मिलिमीटरच्या पाइपाचं तोंड मोकळं होतं. त्यावरची स्टीलची प्लेट नव्हती, भिंतीतले चार गंजलेले बोल्ट तेवढे उरले होते. देखभालीचे मुकादम शेजारीच होते.

"मॅडम, त्या पत्र्यामुळे पाणी तुंबत होतं. लोकांच्या तक्रारी होत्या, म्हणून काढला."

त्यांचा मला राग आला नाही. त्या पत्र्यातलं भोक हेच सगळं डिझाइन आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हिशोब तसा सोपा आहे. १० हेक्टर मोकळा माळ, तासाला ६० मिलिमीटर पाऊस. माळावर पडलेल्या पाण्यातलं साधारण पाव वाहून जातं, बाकीचं मुरतं, गवतात अडतं. छपरं, रस्ते, पार्किंग झालं की पाऊण वाहून जातं. आम्ही रॅशनल मेथड लावतो (थॉमस मुलवानी या आयरिश अभियंत्याने १८५१ मध्ये मांडलेली ही पद्धत लहान पाणलोटांसाठी आजही सर्रास वापरतात): वाहून जाण्याचा गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले ३६०. माळ होता तेव्हा सेकंदाला ०.४२ घनमीटर, वसाहत झाल्यावर १.२५. तिप्पट. ओढा मात्र तेवढाच राहतो, आणि त्याच्या काठचे लोकही तेच.

म्हणून बेसिन. तासाभरात वसाहतीतून ४५०० घनमीटर पाणी येणार. ओढ्यात पूर्वीइतकंच सोडायचं, तर तेवढ्या वेळात बाहेर जाणार जेमतेम १००० घनमीटर, कारण सुरुवातीला खोली कमी असते आणि भोकातून पाणी हळू निघतं. उरलेल्या ३५०० घनमीटरांना थांबायला जागा हवी. पातळी भरली की भोकाच्या मध्यावर १.५ मीटर पाणी उभं राहतं आणि ४०० मिलिमीटर व्यासातून साधारण ०.४१ घनमीटर निघतं. पाऊस थांबल्यावर पाच-सहा तासांत बेसिन रिकामं.

यात मला कायम भावतं ते हे, की खोली दुप्पट झाली तरी भोकातला प्रवाह दीडपटसुद्धा होत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो. व्यास दुप्पट केला तर मात्र चौपट. ४०० चं तोंड ९०० झालं की वाट पाचपट मोकळी होते. मग आलेलं पाणी थांबतच नाही, सरळ खाली जातं. त्या दिवशीचा पाऊस तर डिझाइनच्या पावसापेक्षा हलका होता.

पण तक्रार खोटी नव्हती. पाणी खरंच आठ-आठ दिवस साचत होतं आणि डास होत होते. उबदार हवेत डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा पुरतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांवर पाणी राहता कामा नये असं आम्ही धरतो. मी इनलेटजवळच्या गाळाच्या कप्प्यात पहार खुपसली. चिखलातून सरसर उतरत ती ४० सेंटीमीटरवर काँक्रीटला टेकली. कप्पा काठोकाठ भरला होता आणि पुढचा गाळ तळात पसरला होता. भोकाकडे जाणारी उथळ चारी बुजलेली. पाणी प्लेटपर्यंत पोचतच नव्हतं, ते वाटेतच अडत होतं.

एवढा गाळ आला बांधकामाच्या काळात. उघड्या मातीवरून एका पावसात जेवढा गाळ येतो, तेवढा पुढे गवत धरल्यावर कित्येक वर्षांत येत नाही. वसाहत ताब्यात देण्याआधी तो काढायला हवा होता. काढला नव्हता, आणि यात माझाही दोष आहे. नकाशात मी कप्पा दाखवला, पण त्यात यंत्र उतरायला रॅम्प दाखवला नव्हता. १:३ च्या ओल्या उतारावरून कोण खाली जाणार आणि घमेल्याने किती गाळ उपसणार? आता माझ्या प्रत्येक नकाशात चार मीटर रुंदीचा रॅम्प असतो, कप्प्याचा तळ पक्का असतो आणि गाळ मोजायला रंगवलेला खांब असतो. अर्ध्यावर आला की उपसायचं.

भरावावर उगवलेली झाडंही मी त्याच फेरीत काढायला सांगितली. झाड तोडायला सांगताना जीव तुटतो, पण मुळं कुजली की भरावात पोकळ वाट राहते आणि भरलेलं पाणी तीच वाट धरतं. घुशीच्या बिळांचंही तेच. सांडवा तपासला, तो मोकळा होता. जाळीवर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बसल्या होत्या, त्या मुकादमांनी तिथल्या तिथे हाताने ओढून काढल्या.

प्लेट पंपघराच्या मागे सापडली. गाळ उपसून झाल्यावर नवे बोल्ट लावून ती परत बसवली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलं: 'पावसात इथे पाणी साचणं अपेक्षित आहे. प्लेट काढू नये. दोन दिवसांनीही पाणी राहिलं तर आधी गाळ आणि जाळी पाहावी.' मुकादमांना अख्खा हिशोब समजावला. चेंबरच्या कट्ट्यावर बसून खडूने आकडे मांडले. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे भरलेलं दिसलं तर चांगलं?" मी म्हटलं, "हो. मोठ्या पावसात भरलेलं दिसलं नाही तर मला लगेच फोन करा."

पुढच्या जोरदार पावसात रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज इतका, की ते ओरडूनच बोलत होते.

"मॅडम, पट्टीवर १.३ आहे. झाकणाला कोणी हात लावलेला नाही."

"आणि खालचा रस्ता?"

"आत्ताच बघून आलो. ओढा काठाच्या आत आहे."