मंग हाच कायले?

यवतमाळ जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरी करताना जूनमध्ये आभाळ काळवंडलं की विजेच्या धास्तीनं पोटात गोळा येतो. पेरणीचे दिवस, माणसं आडोशाला पळतात, बैल झाडाखालीच बांधलेले राहतात.

परवाची जोडी मोहाच्या झाडाखाली होती. एक बैल गेला, एक वाचला. गेलेल्याच्या तोंडात अर्धा चावलेला घास तसाच. खांद्यापासून मागच्या खुरापर्यंत केस जळून बोटभर रेघ उमटलेली. मोहाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत उभी फाटली होती. आतला रस एका क्षणात उकळला की अशी फुटते.

वीज पडली हे उघडच होतं. तरी मी आधी कानाच्या शिरेतून रक्त घेतलं, काचपट्टी दवाखान्यात नेऊन तपासली, मगच सुरी लावली. पंचनाम्याला आलेले वैतागले. पण फाशी या जंतुरोगातही (अँथ्रॅक्स) जनावर असंच अचानक मरतं, रक्त काळं, न गोठणारं. ते जनावर फाडलं तर जंतू वर्षानुवर्षं त्या मातीत राहतात. ओढकामाच्या बैलामागे ३२,००० रुपये मिळतात, त्याचा कागद लवकर व्हावा हे मलाही कळतं. पण घाईत शेतच नासवायचं? याचा मला संताप येतो.

मालक म्हणाले, "दोघंबी एकाच झाडाखाली होते, सायेब. मंग हाच कायले?"

उत्तर मला ठाऊक होतं. वीज खोडातून जमिनीत उतरते, चहूकडे पसरते, लांब जाईल तसा तिचा दाब घटतो. हा बैल झाडाकडे तोंड करून उभा होता. पुढचे पाय खोडाजवळ, मागचे लांब. त्या फरकानंच प्रवाह छातीतून गेला. दुसरा खोडाला आडवा उभा होता, चारही पाय खोडापासून जवळपास सारख्याच अंतरावर. बाकी काही नाही.

मी ते सांगितलं, आणि सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. कुणाचा कोप असता तर नवस तरी बोलता आला असता. सांगायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही.

ते खुरांकडे बघत राहिले. "मंग याले आता आडवाच बांधू का?"

"नाही काका. आभाळ आलं की झाडाखाली बांधूच नका."

"अन् गरजायच्या आधीच पडली तं?"

फोनमधलं दामिनी अ‍ॅप विजेचा आधी इशारा देतं, पण काकांकडे बटनाचा मोबाइल. शेजारच्या शेतातल्या पोराच्या फोनमध्ये टाकून दिलं आणि इशारा आला की काकांना हाक मारायची, असं त्याला बजावलं.